सर्वात जास्त काळ चाललेली मालिका: मोजायची कशी आणि ती टिकते कशी

टीव्ही आणि रेडिओवर सर्वात जास्त काळ चाललेली मालिका कोणती? या प्रश्नाला पाच-सहा उत्तरं मिळतात आणि ती सगळी बरोबर असतात. अमेरिकेतली ‘गायडिंग लाइट’ २५ जानेवारी १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि १८ सप्टेंबर २००९ ला संपली. म्हणजे ७२ वर्षं. बीबीसी रेडिओवरची ‘द आर्चर्स’ १ जानेवारी १९५१ पासून ब्रिटनभर ऐकू येते आणि अजून चालू आहे. ब्रिटनचीच ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ९ डिसेंबर १९६० पासून टीव्हीवर आहे. अमेरिकेतला ‘मीट द प्रेस’ हा मुलाखतींचा कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९४७ पासून टीव्हीवर आहे, पण त्यात कथा नाही. अमेरिकेतल्याच नॅशव्हिल शहरातली ‘ग्रँड ओल ऑप्री’ २८ नोव्हेंबर १९२५ पासून रेडिओवर आहे, पण तो गाण्यांचा जलसा आहे. जपानची ‘साझाए-सान’ ५ ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी लागते आणि ती कार्टून मालिका आहे.

यातलं कुठलं उत्तर घ्यायचं ते आपण काय मोजतो यावर ठरतं. म्हणून आधी मोजपट्टी बघू आणि मग खऱ्या कुतूहलाच्या गोष्टीकडे वळू: बहुतेक मालिका दोन-तीन वर्षांत गुंडाळल्या जात असताना काही मालिका साठ-सत्तर वर्षं चालतात कशा?

वर्षं, भाग की तास?

सर्वात सोपी मोजपट्टी कॅलेंडरची. पहिल्या प्रसारणाची तारीख आणि शेवटची तारीख, बस. पण तीही वाटते तितकी सरळ नाही. ‘द आर्चर्स’चे चाचणीचे भाग २९ मे १९५० पासून फक्त इंग्लंडच्या मिडलँड्स भागात ऐकवले गेले होते. देशभर ती सात महिन्यांनी गेली. जन्मतारीख कुठली धरायची? साधारणपणे १९५१ ची धरतात. ती धरली तरी ऑगस्ट २०२३ मध्ये ‘द आर्चर्स’ने ‘गायडिंग लाइट’ची ७२ वर्षं आणि पावणेआठ महिने ओलांडले. तरीही कितीतरी याद्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर अजून ‘गायडिंग लाइट’च दिसते. याद्या जुन्या असतात, मालिका मात्र रोज एक दिवस मोठी होत असते. चालू असलेल्या मालिकेचा विक्रम वाचताना आधी तो मजकूर कधीचा आहे ते बघावं.

दुसरी मोजपट्टी भागांची. इथे आठवड्यातून एकदा लागणाऱ्या मालिकेची रोजच्या मालिकेशी तुलना होऊच शकत नाही. ‘साझाए-सान’ पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे आणि तिचे अडीच हजारांहून जास्त भाग झाले. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ २००८ मध्ये सुरू झाली आणि तिने चार हजार भाग केव्हाच पार केले. वयाने धाकटी, भागांनी थोरली. त्यातही ‘साझाए-सान’च्या अर्ध्या तासात तीन छोट्या स्वतंत्र गोष्टी असतात. गोष्टी मोजल्या तर आकडा एकदम तिप्पट होतो. आकडा सांगणाऱ्याने यातलं काय मोजलं, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

तिसरी मोजपट्टी तासांची. ती सहसा कुणी वापरत नाही, पण सर्वात प्रामाणिक तीच. अमेरिकेत रात्रीच्या मुख्य वेळेत सर्वात जास्त भाग झालेली कथामालिका हा मान अनेक वर्षं ‘गनस्मोक’ या काउबॉय मालिकेकडे होता. १९५५ ते १९७५ मध्ये तिचे ६३५ भाग झाले. २९ एप्रिल २०१८ ला ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेचा ६३६ वा भाग लागला आणि विक्रम मोडला. आता जरा हिशेब करू. ‘गनस्मोक’चे पहिले २३३ भाग अर्ध्या तासाचे होते आणि पुढचे ४०२ एका तासाचे. जाहिराती धरून एकूण ५१८.५ तास. ‘द सिम्पसन्स’चा प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा, म्हणजे त्या दिवशी तिचे ३१८ तास भरले होते. तासांत ‘गनस्मोक’ला मागे टाकायचं तर ‘द सिम्पसन्स’ला १,०३८ भाग करावे लागतील. तिथवर ती अजून पोचलेली नाही.

एखादा मोठा आकडा खरा आहे का हे घरबसल्या तपासायची एक सोपी युक्ती आहे. सोमवार ते शुक्रवार लागणाऱ्या मालिकेचे वर्षाला जास्तीत जास्त साधारण २६० भाग होतात. अमेरिकेतली ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ ही रोजची मालिका २ एप्रिल १९५६ ते १७ सप्टेंबर २०१० अशी साधारण साडेचौपन्न वर्षं चालली. गुणाकार केला की सुमारे १४,१७० भाग येतात आणि प्रत्यक्षात झाले १३,८५८. मधले तीनशेच्या आसपास दिवस सणांच्या सुट्ट्या आणि मोठ्या बातम्यांनी खाल्ले. हा आकडा विश्वासार्ह वाटतो. आकडा गुणाकारापेक्षा मोठा निघाला तर समजावं की रेडिओचे भाग, पुनःप्रक्षेपणं किंवा विशेष भाग त्यात मिसळले आहेत.

खंड पडला तर?

वाद सर्वात जास्त इथेच होतात. ब्रिटनची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची मालिका १९६३ मध्ये सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली, १९९६ मध्ये तिचा एक टीव्ही चित्रपट आला आणि २००५ पासून ती पुन्हा नियमित सुरू झाली. ती ‘साठ वर्षांची मालिका’ की ‘दोन मालिका’? अमेरिकेतली ‘लॉ अँड ऑर्डर’ २० पर्वांनंतर २०१० मध्ये बंद केली गेली आणि २०२२ मध्ये २१ वं पर्व म्हणून परत आली.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. बंद करणं वेगळं, अडणं वेगळं. १९७९ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर संप झाला आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर पडदा जवळपास कोराच राहिला. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ही दिसली नाही. तरी तिच्या वयातून ते आठवडे कुणी वजा करत नाही, कारण मालिका कुणी रद्द केली नव्हती. ‘गायडिंग लाइट’चं मात्र तसं नाही. १९४१ च्या अखेरीस तिला खरोखरच रद्द केलं होतं. श्रोत्यांच्या पत्रांचा इतका पाऊस पडला की काही आठवड्यांत ती परत आणावी लागली. १९४६-४७ मध्येही ती काही महिने बंद होती आणि नंतर दुसऱ्या वाहिनीवर सुरू झाली. काटेकोरपणे बघणारा म्हणेल की सलग ७२ वर्षं हे बरोबर नाही. आणि त्याचं म्हणणं रास्त आहे.

‘गायडिंग लाइट’मध्ये आणखी एक गुंता आहे. सुरुवातीला तिचा नायक एक धर्मगुरू होता. गरजूंना वाट दिसावी म्हणून त्याच्या खोलीत दिवा तेवत असे आणि त्यावरूनच मालिकेचं नाव पडलं. पुढे तो धर्मगुरू गेला, गावं दोनदा बदलली, १९४८ मध्ये आलेलं बाउअर कुटुंब केंद्रस्थानी आलं. १९५२ ते १९५६ अशी चार वर्षं तीच मालिका रेडिओवर आणि टीव्हीवर एकाच वेळी चालत होती. शेवटच्या भागात पहिल्या भागातलं कुणीही नव्हतं. एकाच मालिकेची ओळख नाव, निर्मिती आणि न तुटलेली गोष्ट या तिन्हींवर मिळून ठरते, असं आमचं मत आहे. या कसोटीवर ‘गायडिंग लाइट’ एकच मालिका ठरते, कारण एक पिढी जायच्या आत दुसरी पिढी गोष्टीत रुळलेली असे.

पाया माणसांचा नाही, जागेचा

दीर्घ मालिकांची रचना शेजारी शेजारी ठेवून बघितली की एक गोष्ट लगेच दिसते. एका नायकाची कथा सांगणाऱ्या मालिका लवकर संपतात, कारण नायकाचा प्रश्न सुटला की सांगण्यासारखं उरत नाही. जास्त टिकतात त्या एका जागेच्या मालिका. ‘द आर्चर्स’ म्हणजे अँब्रिज नावाचं काल्पनिक खेडं. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ म्हणजे विटांच्या घरांची एक गल्ली आणि तिच्या कोपऱ्यावरचा पब. १ एप्रिल १९६३ ला सुरू झालेली ‘जनरल हॉस्पिटल’ म्हणजे एक इस्पितळ. जागेला म्हातारपण येत नाही, तिचा करार संपत नाही आणि तिथे नवं माणूस आलं तर कारण विचारावं लागत नाही. गल्लीत भाडेकरू येतात, इस्पितळात रुग्ण येतात, खेड्यात शेत विकलं जातं.

जर्मनीच्या ‘टाटॉर्ट’ने हेच सूत्र देशभर पसरवलं. २९ नोव्हेंबर १९७० ला सुरू झालेली ही गुन्हेतपासाची मालिका सहसा रविवारी रात्री लागते. पण दर वेळी शहर आणि तपास अधिकारी बदलतात, कारण वेगवेगळ्या भागांतली प्रसारण केंद्रं आळीपाळीने भाग बनवतात. एका केंद्राला वर्षाला मोजकेच भाग करायचे असतात, त्यामुळे कुणी थकत नाही. एखादी जोडी प्रेक्षकांना आवडली नाही तर तेवढीच बदलता येते.

‘द आर्चर्स’मागे सुरुवातीला वेगळीच गरज होती. युद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्न रेशनवर मिळत होतं आणि शेतकऱ्याने उत्पादन वाढवावं अशी सरकारची निकड होती. कोरडी भाषणं शेतकरी ऐकत नव्हते. म्हणून गॉडफ्री बेसली यांनी शेती खात्याच्या मदतीने गोष्टीतून माहिती पोचवायची योजना केली: एक शेतकरी कमी पैशात नेटकी शेती करणारा, एक तेवढ्याच पैशात ढिसाळ शेती करणारा, एक तोट्यात शेती करणारा श्रीमंत व्यावसायिक. माहिती देण्याचं ते काम पुढे गळून पडलं, पण त्याने एक सवय लावली. गोष्ट ऋतूंप्रमाणे चालते. कोकरं जन्मतात, गवत कापलं जातं, पिकं निघतात. लेखकाला काहीच सुचलं नाही तरी पुढच्या महिन्यात शेतात काय चाललेलं असेल ते ठरलेलं असतं. (भारतात २६ जानेवारी १९६७ ला सुरू झालेल्या ‘कृषी दर्शन’ने तेच काम गोष्टीशिवाय केलं आणि तेही दूरदर्शनवर कितीतरी वर्षं टिकलं.)

रोजचा कारखाना

अमेरिकेतल्या तासाभराच्या रोजच्या मालिकेत जाहिराती वगळून ३६ ते ३८ मिनिटं उरतात. आठवड्याला पाच भाग म्हणजे सुमारे १९० मिनिटं. दोन चित्रपटांचा ऐवज दर आठवड्याला, वर्षभर, न थांबता. हे एका लेखकाला झेपत नाही, म्हणून काम पायऱ्यांमध्ये वाटलेलं असतं.

वरच्या पायरीवर मुख्य लेखक असतो. तो पुढच्या सहा महिन्यांचा मोठा आराखडा लिहितो: कोणाचं लग्न, कोणाचं दिवाळं, कोणतं गुपित कधी फुटणार. त्यातून आठवड्याचा आराखडा निघतो आणि त्यातून एकेका भागाचा दृश्यवार गोषवारा. या गोषवाऱ्यात संवाद नसतात. कोण, कुठे, काय कळतं आणि दृश्य कशावर तुटतं एवढंच असतं. मग संवाद लेखक तो गोषवारा घेऊन काही दिवसांत पूर्ण भाग लिहितो. पाच भाग पाच जणांनी लिहिलेले असल्यामुळे शेवटी एक संपादक सगळे सलग वाचतो, नाहीतर सोमवारी रुसलेली बाई मंगळवारी कारण नसताना हसताना दिसते.

गाडी घसरते ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी. पहिलं, एकाच वेळी चालणाऱ्या ट्रॅकची, म्हणजे उपकथांची, संख्या. तीन ट्रॅक साधारण बरे चालतात: एक शिगेला पोचलेला, एक मध्यावर, एक नुकता पेरलेला. तिन्ही एकदम शिगेला आणले की आठवडाभर टीआरपी उसळतो आणि पुढचे दोन महिने सांगायला काही राहत नाही. मग कुणाला तरी स्मृतिभ्रंश होतो किंवा मेलेला माणूस परत येतो. दुसरं, चित्रीकरणाचा क्रम. पैसे आणि वेळ वाचावा म्हणून एका सेटवरची चार-पाच भागांची दृश्यं एकदम चित्रित करतात. त्यामुळे नट सकाळी शुक्रवारचं रडणं करतो आणि दुपारी सोमवारचं हसणं. कपडे, जखमेची पट्टी, हातातली अंगठी यांची नोंद ठेवणारा माणूस चुकला की पट्टी उजव्या हातावरून डाव्या हातावर जाते. आणि प्रेक्षक ते शंभर टक्के पकडतात.

याहून मोठी नोंद असते ती मालिकेच्या इतिहासाची. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या पात्राला अंडी आवडत नाहीत असं वाक्य गेलं असेल तर ते कुणाला तरी आठवलं पाहिजे. ‘द आर्चर्स’ने यासाठी अनेक वर्षं कार्डांच्या पेट्या ठेवल्या: प्रत्येक पात्राचं कार्ड, त्यावर वाढदिवस, आजार, नाती, जनावरांची नावंसुद्धा. ज्या मालिकेत अशी नोंद नसते ती पाच-सहा वर्षांत स्वतःलाच खोटं पाडू लागते.

रेडिओचा कारखाना आकाराने लहान, पण त्याची कारागिरी वेगळी. ‘द आर्चर्स’च्या १२-१३ मिनिटांच्या भागात सगळं जग कानाला दिसायला हवं असतं. शेताचं लोखंडी फाटक उघडल्याचा आवाज स्टुडिओतल्या जुन्या, करकरणाऱ्या इस्त्रीच्या टेबलाचा असतो. पायाखालचं वाळलं गवत म्हणजे चुरगाळलेली जुनी ध्वनिफीत. कोकरू जन्मतं तेव्हा लागणारा ओला, चिकट आवाज दह्याने भिजवलेला टॉवेल पिळून काढतात. खरं फाटक स्टुडिओत आणलं तर ते माइकवर फाटकासारखं वाजत नाही, हे ध्वनितंत्रज्ञांना फार लवकर कळतं.

एपिसोडची बँक आणि २०२० चा वसंत

चित्रीकरण झालेले पण अजून न दाखवलेले भाग म्हणजे बँक. ती किती ठेवायची हा प्रत्येक मालिकेपुढचा खरा व्यावहारिक प्रश्न आहे, आणि कोविडच्या साथीने सगळ्यांची परीक्षा एकाच वेळी घेतली.

मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ने ताबडतोब आठवड्याचे सहा भाग तीनवर आणले, शिल्लक ताणली आणि खंड पडू दिला नाही. बीबीसीच्या ‘ईस्टएंडर्स’ने पण भाग कमी केले, तरी जूनमध्ये तिची बँक रिकामी झाली आणि १९८५ पासून पहिल्यांदाच ती सप्टेंबरपर्यंत पडद्यावरून गेली. ‘जनरल हॉस्पिटल’चे नवे भाग मे महिन्यात संपले आणि ऑगस्टपर्यंत जुन्यांवर भागलं. ‘साझाए-सान’ने मे महिन्यात जुने भाग लावले. तिच्यावर अशी वेळ त्याआधी १९७५ मध्ये, तेलसंकटाच्या काळात आली होती. ‘द आर्चर्स’ने काही आठवडे जुने भाग ऐकवले आणि मग एक वेगळा मार्ग काढला. नटांनी घरून ध्वनिमुद्रण केलं आणि पात्रं एकमेकांशी बोलण्याऐवजी स्वतःशीच बोलू लागली. काही श्रोत्यांना ते अजिबात रुचलं नाही, पण मालिका त्या वसंतातल्या जगाबद्दल बोलत राहिली. अमेरिकेतली ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ मात्र निवांत होती. ती आपलं चित्रीकरण सहा ते आठ महिने आधी करून ठेवते, त्यामुळे तिचे नवे भाग संपलेच नाहीत.

मग सगळेच मोठी बँक का ठेवत नाहीत? एक तर पैसे अडकून पडतात. आणि दुसरं, मोठी बँक असलेली मालिका जगापासून तुटते. आठ महिने आधी चित्रित झालेल्या भागातल्या लोकांना साथ माहीतच नसते. याउलट २००१ मध्ये ब्रिटनमधल्या जनावरांत लाळ-खुरकताची साथ आली तेव्हा ‘द आर्चर्स’ला गप्प बसणं शक्यच नव्हतं. शेतकऱ्यांची मालिका आणि तिच्यात त्या साथीचा उल्लेख नाही, हे ऐकणाऱ्याने मानलं नसतं. अशा वेळी तयार भागातलं एखादं दृश्य काढून त्याच लांबीचं नवं दृश्य घाईने ध्वनिमुद्रित करून जोडतात. रेडिओत हे काही तासांत जमतं. टीव्हीत नट, सेट, प्रकाश, वेशभूषा सगळं परत उभं करावं लागतं.

बँक हा प्रकारच नसलेल्या काळाची आठवण इथे होते. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ १९७५ पर्यंत थेट प्रक्षेपित होत असे. २२ नोव्हेंबर १९६३ ला दुपारी ती चालू असतानाच अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळीबार झाल्याची बातमी मधे आली. स्टुडिओतले नट पुढचा प्रवेश करतच होते, कारण पडद्यावर आपण दिसत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, २३ तारखेला, लंडनमध्ये ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग लागला. बातमीच्या गदारोळात तो अनेकांच्या नजरेतून सुटला, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाच्या आधी पहिला पुन्हा दाखवला गेला.

माणसांचं वय

कथा कितीही लांबवता येते, नटाचं वय लांबवता येत नाही. यावर तीन तोडगे आहेत.

पहिला, पात्राला नटाबरोबर म्हातारं होऊ द्यायचं. ‘कोरोनेशन स्ट्रीट’च्या पहिल्या भागात केन बार्लो नावाचा कॉलेजात शिकणारा मुलगा होता. विल्यम रोच यांनी तीच भूमिका साठहून अधिक वर्षं केली आहे. ‘द आर्चर्स’मध्ये जून स्पेन्सर १९५० च्या चाचणी भागांत होत्या आणि २०२२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, निवृत्त झाल्या. असं पात्र मालिकेची सर्वात मोठी ठेव असते. श्रोत्याने त्याचं तारुण्य, लग्न, वैधव्य सगळं खऱ्या वेगाने ऐकलेलं असतं, आणि ते दुसऱ्या कुठल्याच कलाप्रकारात मिळत नाही.

दुसरा तोडगा, वय गोठवायचं. ‘साझाए-सान’मधलं कुटुंब १९६९ पासून तेवढ्याच वयाचं आहे. आवाज देणारे कलाकार हळूहळू बदलत गेले, तरी मुख्य पात्राचा आवाज मिदोरी कातो पहिल्या भागापासून देत आल्या. कार्टूनला हे जमतं. पण किंमत अशी की त्या घरात कुणी मोठं होत नाही, कुणी जात नाही आणि भोवतालचं जगही जपून, थोडंथोडंच आत घ्यावं लागतं.

तिसरा तोडगा सर्वात धाडसी, आणि तो आजारपणातून निघाला. ‘डॉक्टर हू’चे पहिले नायक विल्यम हार्टनेल यांची तब्येत १९६६ मध्ये ढासळली होती. मालिका बंद करायची की त्याच चेहऱ्याचा दुसरा नट शोधायचा? लेखकांनी ठरवलं की हा परग्रहावरचा माणूस आहे, तर मरणाच्या दारात त्याचं शरीरच बदलू दे. पॅट्रिक ट्रॉटन आले, स्वभावही बदलला, आणि प्रेक्षकांनी ते मान्य केलं. मालिकेच्या नियमातच नट बदलण्याची सोय झाली.

रोजच्या मालिकेत नट बदलायचा तर सहसा सरळ नवा चेहरा आणतात किंवा लीप घेतात, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेतात. लीपचा धोका असा की गेलेल्या वर्षांचा हिशेब द्यावा लागतो. मुलं तर नेहमीच घाईने वाढतात: पाच वर्षांचा मुलगा वसतिगृहात जातो आणि दोन वर्षांनी अठराचा होऊन परततो, कारण पाच वर्षांच्या मुलाला प्रेमप्रकरण देता येत नाही.

पुसलेल्या फिती

इतकी वर्षं चाललेल्या मालिकांचा बराच भाग आज अस्तित्वातच नाही, याची खंत वाटते. १९६० च्या दशकात व्हिडिओ फीत महाग होती आणि पुसून परत वापरता येत असे. कलाकारांच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या आणि रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल भागांना कोण विचारणार, असं वाटत होतं. म्हणून बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे भाग पुसले. पहिल्या सहा वर्षांतले नव्वदहून अधिक भाग अजून सापडलेले नाहीत. जे परत मिळाले त्यांतले बरेच परदेशी केंद्रांना विकलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रती होत्या. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ भाग असेच हाती आले. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शाबूत आहे, कारण प्रेक्षकांनी तो घरी टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता.

संपते कशी

कथा संपली म्हणून दीर्घ मालिका जवळपास कधीच संपत नाही. संपतो तो पैसा पुरवणारा हिशेब. अमेरिकेत दुपारच्या मालिकांना साबण कंपन्या पैसे देत, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ नाव पडलं. ‘गायडिंग लाइट’ तर साबण बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलच्याच मालकीची होती. दुपारी घरी असणारी गृहिणी हा या हिशेबाचा पाया होता. बायका नोकरीला बाहेर पडल्या, वाहिन्या वाढल्या, आणि रोजचा एक तास भरून काढण्याइतकी जाहिरात मिळेना. गप्पांचा कार्यक्रम त्याहून स्वस्तात होतो. ‘गायडिंग लाइट’ने २००८ मध्ये खर्च वाचवायला मोठे कॅमेरे सोडून हातातले डिजिटल कॅमेरे घेतले आणि न्यू जर्सीतल्या पीपॅक गावात खऱ्या घरांतून, रस्त्यांवरून चित्रीकरण केलं. चित्र हलू लागलं, जुन्या प्रेक्षकांना ते परकं वाटलं, आणि दीड वर्षात मालिका संपली.

लेखकच एक असेल तर मालिका त्याच्याबरोबर थांबते. ऑस्ट्रेलियातल्या ‘ब्लू हिल्स’ या रेडिओ मालिकेचे ५,७९५ भाग ग्वेन मेरेडिथ यांनी एकटीने लिहिले. १९४९ ते १९७६, दुसरा हात नाही. त्या थांबल्या आणि मालिका थांबली. वर सांगितलेली लेखकांची उतरंड त्यांनी वापरलीच नाही, आणि इतका पल्ला एकट्याने गाठणं जवळपास अशक्य असतं हे बघता ते काम थक्क करणारं आहे.

‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’च्या शेवटाला मात्र लेखकांना तयारीचा वेळ मिळाला. २ एप्रिल १९५६ ला या मालिकेचं पहिलं वाक्य हेलन वॅगनर यांनी उच्चारलं होतं: सकाळी नवऱ्याला म्हटलेलं ‘गुड मॉर्निंग, डिअर’. नॅन्सी ह्यूजची ती भूमिका त्या, मधले काही खंड सोडले तर, मे २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत करत राहिल्या. साडेचार महिन्यांनी शेवटचा भाग लागला. त्यात नॅन्सीचा मुलगा, आता स्वतः म्हातारा झालेला डॉक्टर बॉब, इस्पितळातल्या आपल्या खोलीतलं सामान आवरतो, दाराकडे वळतो आणि म्हणतो, ‘गुड नाइट’.